घडीचा चाकू घडवून घेताना कारागिरापुढे मागणी कशी मांडावी

अंबड तालुक्यात मोसंबीची बाग असलेले माझे दोन मित्र, जालन्यातील एक गॅरेजवाले आणि मी अशा चौघांनी काही वर्षांपूर्वी एका कारागिराकडे घडीचे चार चाकू सांगितले, तेव्हा आमची सगळी मागणी एका शब्दात मावत होती, आणि तो शब्द होता ‘मजबूत’. महिन्याभराने चाकू हातात आले. पाते साडेचार मिलिमीटर जाडीचे, मूठ भरीव आणि चौकोनी, उघडे पाते अडवून धरणारा खटका इतका ताठ की दोन्ही हात लावल्याशिवाय पाते मिटत नव्हते. मोसंबीच्या कोवळ्या सालीवर ते पाते टेकवले की साल कापली जाण्याऐवजी चेंगरत होती. आम्ही तक्रार घेऊन गेलो, तर कारागीर शांतपणे म्हणाले, “तुम्ही मजबूत म्हणलात, म्या मजबूत केला की.” त्यांचे काही चुकले नव्हते. आम्हाला काय हवे आहे हे आम्हालाच सांगता आले नव्हते.

त्यानंतर आम्ही तीन वेळा चाकू करून घेतले आणि प्रत्येक खेपेला मागणी लिहिण्याची पद्धत सुधारत गेलो. चाकूचा शौक असलेल्या आणि आपल्या भागातील कारागिराने पुढचे चाकू अधिक चांगले करावेत असे मनापासून वाटणाऱ्या वाचकांसाठी ती पद्धत येथे मांडतो आहे.

सुरुवात चित्रांपासून करू नये. मोबाइलवर दिसलेल्या एखाद्या देखण्या चाकूचे छायाचित्र कारागिरापुढे धरले की तो आकाराची नक्कल करतो. पात्याची जाडी, धारेचा कोन, पोलादाची जात आणि त्याला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, यांतले काहीच छायाचित्रात दिसत नाही. त्याऐवजी पंधरा दिवस खिशात एक छोटी वही ठेवावी आणि चाकू ज्या ज्या कामासाठी काढला, ते काम त्याच वेळी लिहावे. आमच्या वहीत ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे, सुतळी तोडणे, मोसंबीची सल काढताना बोटाएवढी वाळली फांदी छाटणे, पुठ्ठ्याची खोकी फोडणे आणि दुपारच्या भाकरीबरोबर कांदा चिरणे एवढीच कामे वारंवार आली. फांदीचा अपवाद सोडला तर यांतल्या एकाही कामाला साडेचार मिलिमीटर जाडीचे पाते लागत नाही, आणि फांदीसाठी कात्री असतेच. वही भरल्यावर चाकू आपोआप आकार घेऊ लागतो, कारण कारागिराला ‘मजबूत’ या शब्दाऐवजी कामांची यादी मिळते.

पात्याविषयी लिहिताना लांबी, रुंदी आणि जाडी हे तिन्ही आकडे मिलिमीटरमध्ये द्यावेत. खिशातल्या चाकूला ७५ ते ८५ मिलिमीटर लांबीचे पाते पुरते. मुठीची लांबी त्याहून २५ ते ३० मिलिमीटर जास्त ठेवावी लागते, कारण मिटलेले पाते तिच्यातच सामावायचे असते. जाडीच्या बाबतीत मात्र दोन ठिकाणची मोजमापे वेगवेगळी लिहिणे आवश्यक आहे, आणि बहुतेक शौकीन येथेच चुकतात. पहिले मोजमाप पाठीवरचे. ते दोन ते अडीच मिलिमीटर असावे. दुसरे धारेच्या लगेच मागचे, म्हणजे जेथे धारेचा शेवटचा उतार सुरू होतो तेथले. ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे. चाकू कापतो की चेंगरतो हे या दुसऱ्या आकड्यावर ठरते. पाठ जाड असूनही धारेमागे पातळ घासलेले पाते सफाईने कापते, आणि पाठ पातळ असूनही उतार पुरेसा वर नेलेला नसेल तर ते पाचरीसारखे अडकते. म्हणून ‘उतार पाठीपर्यंत न्यावा’ हे वाक्य मागणीत स्पष्ट लिहावे. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये करायला घेतलेला लाकडी मुठीचा साधा चाकू आजही जगभर वापरला जातो, त्यामागे हेही एक कारण आहे: त्याच्या आठ क्रमांकाच्या चाकूचे पाते ८५ मिलिमीटर लांबीचे असून त्याची जाडी दोन मिलिमीटरहूनही कमी आहे.

धारेचा कोन प्रत्येक बाजूला सतरा ते वीस अंश सांगावा. ज्यांना खुंटावर डोळा भरायचा असतो, म्हणजे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या सालीत बारीक काप घेऊन मोसंबीचा डोळा बसवायचा असतो, त्यांनी त्या कामासाठी वेगळा चाकू ठेवावा. तो वस्तऱ्यासारखा पातळ लागतो आणि त्याने गोणी उसवली की त्याची धार बोथट होते. एकाच चाकूकडून ही दोन्ही कामे मागू नयेत.

एक लहानशी गोष्ट आवर्जून मागावी. धार जेथे मुठीकडे संपते, तेथे कानशीने एक अर्धगोल खाच करून घ्यावी. ती नसेल तर निसण्यावर घासताना मुठीजवळचा भाग दगडाला पोचत नाही, आणि वर्षभरात तेथे धारेचा कोंब उरतो, जो पुढे पात्याला दगडावर सपाट टेकूच देत नाही. ही खाच करायला कारागिराला पाच मिनिटे लागतात, पण आपण सांगितल्याशिवाय ती होत नाही.

पोलादाच्या बाबतीत जितकी चर्चा होते तितकी इतर कशाचीच होत नाही, आणि त्या चर्चेचा कारागिराला फारसा उपयोग होत नाही. परदेशी चाकूंच्या जाहिरातींत वाचलेली पोलादाची नावे त्याच्यापुढे घेण्याऐवजी, त्याच्या भट्टीत नीट होऊ शकेल असे पोलाद मागावे. आपल्याकडचे कारागीर बहुधा ट्रकच्या कमानपाट्यापासून पाते घडतात. कमानपाट्यात कार्बन अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो. ते पोलाद चिवट असते, कोयत्याला आणि कुऱ्हाडीला उत्तम असते, पण लहान पातळ पात्यावर त्याची धार लवकर उतरते. शिवाय वर्षानुवर्षे धक्के खाल्लेल्या जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. घडीच्या चाकूसाठी बेअरिंगचे पोलाद, म्हणजे बाजारात ईएन-३१ या नावाने मिळणारी पट्टी अधिक योग्य आहे. तिच्यात कार्बन सुमारे एक टक्का आणि क्रोमियम सुमारे दीड टक्का असते. जुनी बेअरिंग तोडून घेण्यापेक्षा नवी पट्टी विकत आणून देणे चांगले, कारण प्रत्येक बेअरिंग एकाच पोलादाची नसते आणि पाणी देताना तो फरक महागात पडतो.

पाणी देण्याची कृती कारागिराला शिकवायला जाऊ नये. पण आपल्याला ती ठाऊक असली पाहिजे, म्हणजे त्याच्याशी नीट बोलता येते. तापत जाणारे पोलाद ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास चुंबकाला चिकटेनासे होते. ईएन-३१ला त्याहून थोडे वर, साधारण ८४० अंशांपर्यंत नेऊन कोमट तेलात बुडवतात. पाण्यात बुडवले तर पातळ पाते तडकण्याची भीती असते. तेलातून काढलेल्या पात्यावर कानस फिरवली आणि ती काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पोलाद कडक झाले असे समजावे. या अवस्थेत ते ठिसूळ असते, म्हणून त्याला सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा शेक द्यावा लागतो, आणि तेव्हा घासून चकाकवलेल्या पृष्ठभागावर फिकट गव्हाळ रंग चढतो. रंग जांभळा किंवा निळा झाला तर शेक जास्त झाला आणि पाते मऊ पडले. मागणीत ‘कडकपणा रॉकवेल सी मापावर ५८ ते ६०’ असे लिहावे. हा आकडा अवाजवी नाही. तो मोजण्याचे यंत्र टूल रूममध्ये असते, आणि एका खेपेतले एक पाते तपासून घेण्याचा खर्च आपण उचलावा.

मोसंबीचा किंवा लिंबाचा रस लागला की हे पोलाद काळसर-निळे होते, आणि तसेच ठेवले तर गंजते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी डी-२ नावाचे पोलाद मागावे. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते, ते गंजाला बराच काळ दाद देत नाही आणि धार फार टिकवते. मात्र त्याला हजार अंशांहून अधिक, तेही काटेकोर तापमान लागते. ते कोळशाच्या भट्टीत साधत नाही, आणि कारागिराला तसा आग्रह करणे म्हणजे त्याचे पोलाद वाया घालवणे होय. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटची कामे करणाऱ्यांकडे आठ-दहा पाती एकत्र पाठवली तर ते परवडते. आमची दुसरी खेप आम्ही अशीच केली. डी-२ला घरच्या निसण्यावर धार लावायला मात्र चिकाटी लागते हे आधीच सांगून ठेवतो.

आता खटक्याविषयी. येथे चूक झाली तर बोट जाते, म्हणून या भागासाठी मागणीच्या कागदावर सर्वांत जास्त जागा राखावी.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उघडा राहणारा चाकू. त्यात खटका नसतो. जोर लावला की पाते मिटते. हलक्या कामाला तो पुरेसा आहे आणि उघडमीट करताना त्याचा ‘टक्’ असा आवाज कानाला गोड लागतो, पण टोक खुपसण्याच्या कामाला तो वापरू नये. त्याची स्प्रिंग पात्याइतकी कडक ठेवली तर मोडते. तिला निळा रंग चढेपर्यंत, म्हणजे सुमारे ३०० अंशांपर्यंत शेक द्यावा लागतो, हे कारागिराला ठाऊक आहे का ते विचारून घ्यावे. दुसरा प्रकार कड्याचा. ओपिनेलने १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे बसवले, जे फिरवले की पात्याची वाट बंद होते. आपल्या भागातील कारागिराला पितळेच्या किंवा स्टीलच्या नळीपासून हे कडे उत्तम करता येते, आणि पहिल्याच खेपेसाठी मी हाच प्रकार सुचवीन. तिसरा प्रकार पाठीवर दाबायच्या खटक्याचा, जो अमेरिकेतील बक कंपनीच्या १९६४ च्या ११० क्रमांकाच्या चाकूमुळे सर्वदूर पोचला. तो भक्कम असतो, पण त्यातील दाता आणि खाच यांची जुळणी हाताने करायला फार कौशल्य लागते.

चौथा प्रकार आतल्या पट्टीचा. मुठीच्या आत बसवलेल्या पातळ पट्टीचा एक भाग उघडल्यावर पात्याच्या बुडाशी सरकतो आणि त्याला अडवतो. शौकिनांची मागणी बहुधा याच प्रकाराची असते, कारण तो एका हाताने उघडता-मिटवता येतो. येथे तीन गोष्टी लिहून द्याव्यात. पात्याच्या बुडाचा जो पृष्ठभाग पट्टीला टेकतो, त्याला सात-आठ अंशांचा उतार असावा. नवा चाकू उघडल्यावर पट्टी त्या पृष्ठभागाच्या पाव ते निम्म्या रुंदीपर्यंतच पोचावी, म्हणजे झिजेसाठी पुढे जागा उरते. आणि मिटलेले पाते खिशात आपोआप उघडू नये म्हणून पट्टीवर लहान छर्रा बसवून पात्यावर त्याच्यासाठी खळगा करावा. आमच्या गॅरेजवाल्या मित्राच्या पहिल्या चाकूत हा छर्रा नव्हता. वाकून टायर उचलताना चाकू खिशात उघडला आणि पँटच्या अस्तरातून टोक मांडीला लागले. जखम लहान होती, तरी त्यानंतर आमच्या प्रत्येक मागणीत छर्ऱ्याची ओळ पहिली असते. डावखुऱ्या माणसासाठी पट्टी उलट बाजूला करून मागावी लागते, हेही विसरू नये.

फिरण्याच्या खिळ्यापाशी बॉल बेअरिंग मागण्याचा मोह आवरावा. पाते सुळकन उघडते हे खरे, पण आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ त्या छर्ऱ्यांमध्ये गेली की ते खरखरू लागतात. फॉस्फर ब्राँझच्या दोन पातळ चकत्या (वॉशर) पुरेशा आहेत. त्या धूळ सोसतात आणि वापराने अधिक गुळगुळीत होतात. खिळा ठोकून पक्का करण्याऐवजी स्क्रू बसवावा, आणि तो साध्या पेचकसाने किंवा एल्-कीने फिरणारा असावा, म्हणजे उन्हाळ्यात एकदा चाकू खोलून, पुसून, तेलाचा थेंब देऊन पुन्हा जोडता येतो.

मुठीसाठी आपल्याकडे लाकडाची वानवा नाही. बाभूळ, शिसम, चिंच आणि बोर ही चारही लाकडे घट्ट असतात आणि हातात चांगली मुरतात. अडचण हवामानाची आहे. मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांच्या उन्हात लाकूड आकसते आणि श्रावणात फुगते. कड्याच्या चाकूत तर फुगलेल्या लाकडात पाते अडकून बसते आणि नखाने उघडता येत नाही. म्हणून किमान दोन उन्हाळे पाहिलेले लाकूड मागावे, आणि तयार मूठ दोन-तीन दिवस कच्च्या जवसाच्या तेलात मुरवून घ्यावी. मुठीच्या सर्व कडा गोल करून मागाव्यात. दुकानात हातात घेतल्यावर न टोचणारी कड शंभर गोण्या उसवल्यावर तळहाताला फोड आणते.

हे सगळे ठरल्यावर पुठ्ठ्याचा नमुना करावा, आणि ही पायरी कोणीही गाळू नये. वह्यांच्या मागचा जाड पुठ्ठा घेऊन त्यावर पाते आणि मूठ खऱ्या मापात काढावीत, कात्रीने कापावीत आणि खिळ्याच्या जागी टाचणी टोचावी. पाते फिरवून मिटवले की चुका लगेच दिसतात: टोक मुठीच्या बाहेर डोकावते, किंवा नखाची खाच मुठीत बुडून जाते, किंवा धारेचा मुठीजवळचा भाग उघडल्यावर बोटाला लागेल इतका मागे येतो. आमच्या तिसऱ्या खेपेत खिळ्याची जागा अवघी तीन मिलिमीटर पुढे नेल्याने टोक आत गेले. पोलादात तीच चूक कळली असती तर पाते टाकून द्यावे लागले असते. तळहातावर पुठ्ठ्याची मूठ ठेवून चारही बोटे मावतात का तेही पाहावे. हा नमुना मागणीच्या कागदाला जोडून द्यावा. शंभर शब्दांनी जे कारागिराला कळत नाही ते पुठ्ठा हातात घेतल्यावर त्याला चटकन कळते, आणि तो आपणहून सुधारणा सुचवू लागतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांत घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी नसलेले आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने स्प्रिंगचे, गरारीचे (उघडताना दात्यांवर करकरत जाणारे) आणि बटणाचे, ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांबीच्या व १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंदीच्या पात्याचे चाकू बाळगण्यावर बंधन घातलेले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण किंवा निवडणुकीच्या काळात निघणाऱ्या आदेशांत चाकूही बाळगता येत नाहीत. म्हणून बटण दाबताच उडून उघडणारा चाकू कारागिराकडे मागूच नये. त्याने कोणतेही काम अधिक चांगले होत नाही आणि कारागीर मात्र अडचणीत येतो.

मागणीचा कागद एका पानापेक्षा मोठा नसावा. वरच्या भागात कामांची यादी, त्याखाली मापे, आणि शेवटी आवडीनिवडी असाव्यात. ‘हे हवेच’ आणि ‘हे जमल्यास’ असे दोन भाग स्पष्ट वेगळे करावेत, कारण मुठीच्या पितळी नक्षीला आणि खटक्याच्या जुळणीला कारागिराने सारखाच वेळ दिला, तर खटक्यावरचा वेळ कमी पडतो. आमच्यासारखे चार-पाच जण असतील तर प्रत्येकाने वेगळी मागणी देण्याऐवजी एकत्र बसून एकच चाकू ठरवावा. एकाच मापाची पाच पाती करताना कारागिराचा हात बसतो आणि पाचवे पाते पहिल्याहून चांगले होते. इसार देताना पहिल्या नमुन्याची पूर्ण किंमत द्यावी आणि तो नमुना बिघडला तरी परत मागू नये. घासाघीस करायचीच असेल तर नक्षी कमी करून करावी; पाणी देण्याच्या आणि जुळणीच्या वेळात करू नये.

चाकू हातात आल्यावर प्रथम तो मिटवून उजेडासमोर धरावा आणि पाते मुठीच्या मधोमध बसते का ते पाहावे. मग उघडून, बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून, पाठ लाकडी फळीवर टेकवावी आणि जोर हळूहळू वाढवत न्यावा. खटका किंचितही सरकला तर चाकू त्याच दिवशी परत द्यावा. त्यानंतर पट्टीच्या खटक्याचा चाकू असेल तर पात्याच्या बुडाशी काळ्या मार्करची शाई लावून तो वीस वेळा उघडावा-मिटवावा. जेथे शाई पुसली जाते तेथेच पट्टी टेकते. ही खूण एका बारीक ठिपक्याइतकी असेल तर जुळणी अपुरी आहे, आणि पट्टीच्या जाडीभर सलग रेघ उमटली तर जुळणी उत्तम आहे. त्या खुणेचे छायाचित्र तारखेसह ठेवावे.

तीन महिने रोज वापरल्यावर हीच शाईची परीक्षा पुन्हा करावी आणि खूण किती पुढे सरकली ते मोजावे. मग चाकू न पुसता, न खोलता, मातीसह आणि डागांसह कारागिराकडे न्यावा आणि त्याच्याच हाताने खोलू द्यावा. चकत्यांवरचे ओरखडे, खिळ्याभोवतीची माती आणि पट्टीच्या टोकाची झीज त्याने स्वतः पाहिली की पुढच्या खेपेची मापे तो आपल्याबरोबर बसून ठरवतो. आमच्या कारागिरांनी तिसऱ्या खेपेचा चाकू असाच खोलला, चकती नखाने खरवडून पाहिली आणि विचारले, “पुढच्या टायमाला ही थोडी रुंद करू का, माती बाहेरच राहील?” चौथ्या खेपेच्या कागदावर ती ओळ ‘हे हवेच’ या भागात लिहिलेली आहे.